एपकॉटच्या फ्रान्समध्ये ग्लुटेनशिवाय जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डच्या एपकॉट पार्कमध्ये तळ्याच्या काठाने ११ देशांची दालनं उभी आहेत. त्यातल्या फ्रान्सच्या दालनात जेवायचं बहुतेकांच्या मनात असतं. घरात कुणाला सीलिएक असेल, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं असा विकार असेल, तर बेत तिथेच अडतो. आमच्या घरात सीलिएक आहे, त्यामुळे अमेरिकेतले मित्र आणि भारतातून येणारे नातेवाईक सहल ठरवताना मला बरंच काही विचारतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फ्रेंच जेवण म्हणजे ब्रेड, लोणी आणि मैदा. सीलिएक असलेल्या माणसाने तिथे जाण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तो फ्रान्सच्या वायव्येला असलेल्या ब्रिटनी प्रांतामुळे. तिथल्या हलक्या, आम्लधर्मी जमिनीत गहू नीट येत नसे, म्हणून लोकांनी शतकानुशतकं बक्व्हीट पिकवलं. आपल्याकडे उत्तर भारतात उपवासाला जे कुट्टूचं पीठ वापरतात, ते हेच. ब्रिटनीत या पिठात पाणी आणि मीठ घालून बिलिग नावाच्या मोठ्या, सपाट, बिडाच्या तव्यावर गॅलेट करतात. तो आंबोळीपेक्षा पातळ आणि कडेला कुरकुरीत असतो. मधोमध अंडं, चीज किंवा भाजी ठेवून चारी कडा आत दुमडतात.

म्हणजे इथे गव्हाचा पदार्थ कसाबसा पर्यायी पिठात केलेला नसतो. तो मुळातच गव्हाशिवायचा आहे, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही तोच खात असतो. लहान मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट किती मोठी आहे, हे वाढदिवसाच्या पार्टीत वेगळा डबा घेऊन बसलेल्या मुलाच्या आईबापांना सांगावं लागत नाही.

मग नेमकं कुठे जायचं?

ला क्रेपरी द पारी. फ्रान्सच्या दालनात अगदी मागे, ‘रॅटॅटुई’ चित्रपटातल्या रेमी या उंदराच्या राइडच्या शेजारी. ही राइड आणि हे रेस्टॉरंट दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ ला, डिस्नी वर्ल्डला ५० वर्षं झाली त्याच दिवशी सुरू झाली. मेन्यू शेफ जेरोम बोक्यूज यांचा आहे. त्यांचे वडील पॉल बोक्यूज हे विसाव्या शतकातल्या फ्रेंच पाककलेतलं फार मोठं नाव. पॉल यांनी गॅस्टन लनोत्र आणि रॉजर व्हर्जे या दोन फ्रेंच शेफबरोबर १९८२ मध्ये, एपकॉट उघडलं तेव्हा, याच दालनात शेफ द फ्रान्स हे रेस्टॉरंट उभं केलं.

त्यामुळे पर्याय असे: गॅलेटसाठी क्रेपरी, बसून जेवायला शेफ द फ्रान्स आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मस्यू पॉल. मस्यू पॉलमध्ये ठरावीक किमतीचं अनेक पदार्थांचं जेवण असतं आणि ते बरंच महाग आहे. त्याशिवाय एक बेकरी आणि एक आइस्क्रीमचं दुकान. पहिल्यांदा जाणार असाल तर क्रेपरीच निवडा.

एक लक्षात ठेवा. ही रेस्टॉरंटं बोक्यूज घराण्याची कंपनी चालवते, थेट डिस्नी नाही. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलात ॲलर्जीच्या बाबतीत जशी पद्धत अनुभवली, तशीच इथे असेल असं धरून चालू नका. नव्याने विचारा.

बक्व्हीटच्या नावात ‘व्हीट’ आहे. तो गहूच ना?

नाही. गव्हाशी त्याचं काही नातं नाही, ते गवतवर्गीय धान्यही नाही. आपली चुक्याची भाजी ज्या कुळातली आहे, त्या कुळातलं हे रोप, आणि त्याच्या तिकोनी बियांचं पीठ करतात. बक्व्हीटमध्ये ग्लुटेन नसतं. मात्र बक्व्हीटची स्वतंत्र ॲलर्जी काही लोकांना असते. घरी ते कधीच खाल्लेलं नसेल, तर पहिली चव प्रवासात, पार्कच्या गर्दीत घेऊ नका. आधी घरी कुट्टूचं धिरडं करून पाहा. पीठ घेताना पाकिटावर ग्लुटेन-फ्रीचा शिक्का बघा, कारण सुट्या पिठात गिरणीतून गव्हाची भेसळ सहज होते.

म्हणजे क्रेपरीतलं सगळंच चालेल?

मुळीच नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तिखटमिठाचे ते गॅलेट, बक्व्हीटचे. गोड ते क्रेप, आणि गोड क्रेप गव्हाच्या पिठाचे असतात. न्यूटेला, साखर, सफरचंद घातलेले ते सुंदर त्रिकोण आपल्यासाठी नाहीत. मुलाला हे आत जायच्या आधीच सांगून ठेवा, टेबलावर बसल्यावर नको.

बाहेरच्या बाजूला खिडकीतून पार्सल मिळतं. तिथे रांग मोठी, काम घाईचं, आणि समोरच्या माणसाला सविस्तर बोलायला वेळ नसतो. सीलिएक असेल तर खिडकी टाळा, आत बसा.

बुकिंग करताना काय करायचं?

डिस्नीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ६० दिवस आधीपासून टेबल मिळतं. त्यातच ॲलर्जी नोंदवायची सोय आहे, तिथे ग्लुटेन आणि गहू निवडा. पण त्या नोंदीवर विसंबू नका. ती कागदावर पोचते, तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही. दारात नाव सांगताना एकदा आणि वेटर आल्यावर पुन्हा एकदा तोंडी सांगा.

वेळ शक्यतो दिवसातली सर्वांत पहिली घ्या. तवे तेव्हा स्वच्छ असतात, स्वयंपाकघर अजून गडबडीत नसतं आणि शेफला बाहेर येऊन बोलायला सवड असते.

टेबलावर बसल्यावर काय विचारायचं? आम्हाला संकोच वाटतो.

संकोच समजतो. आपल्याकडे पाहुण्याने यजमानाला स्वयंपाकाबद्दल खोदून विचारणं असभ्य मानतात, आणि आईबाबा सोबत असतील तर ते टेबलाखालून पाय दाबतात. अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये हे रोजचं आहे. कुणाला वाईट वाटत नाही. उलट, प्रश्न न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला काही झालं तर त्यांची पंचाईत होते.

सुरुवातीला ‘सीलिएक डिसीज’ हे शब्द वापरा. नुसतं ‘ग्लुटेन-फ्री’ म्हटलं, तर वजन कमी करायला गहू सोडलेल्यांत तुमची गणना होऊ शकते. मग शेफला किंवा ॲलर्जीचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला भेटायचं आहे असं सांगा.

शेफला पहिला प्रश्न पिठाचा. गॅलेटचं पीठ आज शंभर टक्के बक्व्हीटचं आहे का? ब्रिटनीतसुद्धा अनेक ठिकाणी पीठ तव्यावर सहज पसरावं, फाटू नये म्हणून त्यात थोडा गहू मिसळतात, त्यामुळे हा प्रश्न कुठल्याही क्रेपरीत विचारायलाच हवा.

दुसरा प्रश्न तव्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. गव्हाचे क्रेप त्याच तव्यावर होतात का? होत असतील, तर पीठ कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही. तवा तापलेला असतो, त्यावर ग्लुटेन जळून जात असेल, असं बरेच जण समजतात. ग्लुटेन हा जंतू नव्हे, ते प्रथिन आहे. स्वयंपाकाच्या उष्णतेने ते नाहीसं होत नाही. सॅनिटायझरनेही जात नाही, साबण-पाण्याने घासून धुवावं लागतं.

मग तव्याभोवतीच्या वस्तू: पीठ पसरायचा लाकडी दांडा, उलथनं, डाव, तव्याला लोणी लावायचा बोळा किंवा ब्रश. तवा वेगळा पण दांडा तोच, असं सहज घडतं, आणि लाकडाच्या फटीत पीठ बसलेलं असतं.

शेवटी सारण. चिकन किंवा मासा क्रीमच्या सॉसमध्ये असेल तर त्या सॉसमध्ये मैदा आहे का? सोबतच्या सॅलडवर ब्रेडचे भाजलेले तुकडे येतात का?

ताट समोर आलं की ‘हे सीलिएकसाठी वेगळं केलेलं आहे ना?’ एवढं विचारून मगच घास घ्या. गर्दीत ताटांची अदलाबदल होते.

मेन्यूवर ‘ॲलर्जी-फ्रेंडली’ लिहिलंय. ते ग्लुटेन-फ्रीच ना?

नेमकं तेच नाही. डिस्नीत वेगळं, ॲलर्जीमुक्त असं स्वयंपाकघर नसतं आणि त्यांची भाषा तसंच सांगते: आम्ही काळजी घेऊ, हमी देणार नाही. मला ही भाषा खोट्या आश्वासनापेक्षा बरी वाटते.

पाकीटबंद पदार्थांवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन. भारतातही मर्यादा २० मिलिग्रॅमच आहे. दीडशे ग्रॅमच्या पदार्थात याचा अर्थ ३ मिलिग्रॅमहून कमी. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी सीलिएकच्या रुग्णाच्या आतड्याला इजा होते असं संशोधनात दिसलं आहे. म्हणजे स्लाइसचा साधारण पन्नासावा भाग. तव्यावरचा चुरा, उलथन्याला चिकटलेलं पीठ यांची एवढी चौकशी का करायची, ते या आकड्यांवरून कळेल.

अमेरिकेत पाकिटं वाचताना आणखी एक. तिथल्या कायद्याने ज्या ९ ॲलर्जीकारक घटकांची नावं देणं सक्तीचं आहे, त्यात गहू आहे पण बार्ली आणि राय नाहीत. ‘गहू नाही’ याचा अर्थ ‘ग्लुटेन नाही’ होत नाही. माल्ट दिसला की पाकीट खाली ठेवा.

शेफ द फ्रान्समध्ये काय मागवता येईल?

आधी धोका कुठे लपतो ते सांगते, कारण मेन्यू बदलत राहतो पण फ्रेंच स्वयंपाकाची रीत बदलत नाही. लोण्यात मैदा परतून करतात तो रू, आणि त्यावर त्यांचे निम्मेअधिक सॉस उभे आहेत. दुधातला बेशामेल, रश्शातला व्हलूते, तपकिरी एस्पान्योल, सगळ्यांत तोच. म्हणून ‘ग्रातां’ म्हणून येणारी भाजी किंवा मॅकरोनी, क्रोक मस्यू (हॅम-चीजचं भाजलेलं सँडविच) हे बाद. कांद्याचं प्रसिद्ध सूप तर दुहेरी बाद: वर चीजखाली ब्रेड, आणि सूपही अनेकदा मैद्याने दाट केलेलं. ब्रेड काढून द्या म्हणून ते चालत नाही. बफ बूर्गिन्यों या वाइनमधल्या गोमांसाच्या रश्शात मांसाचे तुकडे आधी पिठात घोळवलेले असू शकतात. ‘मनिएर’ पद्धतीचा मासाही पिठात घोळवूनच तळतात. कीश म्हणजे मैद्याचीच पारी.

आता जमेची बाजू. साधा ग्रिल केलेला स्टेक किंवा मासा सॉस बाजूला ठेवून, बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवलेलं मांस), रॅटॅटुई ही मिश्र भाजी, ब्रेडशिवाय सॅलड, उकडलेले किंवा लोण्यात परतलेले बटाटे हे पदार्थ रीतीप्रमाणे ग्लुटेनशिवायच होतात. फ्रेंच फ्राइज मात्र फ्रायरवर अवलंबून. त्याच तेलात पिठात बुडवलेलं काही तळत असतील तर नको.

ब्रेडची टोपली टेबलावर येतेच. बाकीच्यांना हवी असेल तर दूरच्या टोकाला ठेवा, आणि लोण्याची वाटी वेगळी मागून घ्या. ब्रेडला लागलेली सुरी लोण्यात फिरली की संपलं.

आम्ही शाकाहारी आहोत, आजी अंडंही खात नाही.

शाकाहाराचं जमतं, अंडं नसलेलं जरा प्रयत्नाने. गॅलेटमध्ये चीज-पालक किंवा भाज्यांचं सारण मागता येतं. हॅम आणि अंडं नको हे स्पष्ट सांगा. पारंपरिक गॅलेटच्या पिठात अंडं लागत नाही, पण काही जण घालतात, म्हणून तेही विचारा. अनेक फ्रेंच चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या द्रव्याने, केलेली असतात. त्याबद्दल घरात काटेकोरपणा असेल तर भाज्यांचा गॅलेट चीजशिवाय घ्या. ग्लुटेन, अंडं आणि मांस अशा तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या तर ऐकणारा गोंधळतो. सीलिएक असलेल्या व्यक्तीची ऑर्डर आधी, पूर्ण आणि वेगळी द्या. आजींचं नंतर सांगा.

गोड काय खाता येईल?

क्रेम ब्रूले. अंडी, साखर, क्रीम आणि व्हॅनिला, संपलं. सोबत बिस्किट खोचून देतात का तेवढं विचारा आणि आधीच नको म्हणा. चॉकलेट मूसही बहुधा चालतं. सूफलेमध्ये बऱ्याचदा मैद्याचा आधार असतो.

दालनातल्या आइस्क्रीमच्या दुकानात कप घ्या, कोन नको. स्वच्छ चमचा आणि शक्य असल्यास न उघडलेल्या डब्यातून वाढायला सांगा. बिस्किटाचे तुकडे असलेल्या चवी सोडून द्या. उन्हात फिरून आल्यावर फळांचं सॉर्बे मला तरी क्रेम ब्रूलेपेक्षा आवडतं.

बेकरीत मॅकरॉन दिसतात, ते तर बदामाच्या पिठाचे असतात ना?

हो, घटकांत गहू नसतो. पण बेकरीत दिवसभर मैदा हवेत उडत असतो, चिमटे क्रुआसाँवरून मॅकरॉनवर जातात, आणि काचेमागे सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं. माझा सल्ला स्पष्ट आहे: सीलिएकसाठी ही बेकरी नाही.

घरचं खाणं पार्कमध्ये नेता येतं का?

येतं. काचेचं भांडं नको, गरम करावं लागणारं किंवा उग्र वासाचं नको, एवढीच अट. मुलाच्या पाठपिशवीत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, घरचा पोह्यांचा चिवडा असू द्या. जेवणाची वेळ हुकली की भुकेपोटी घाईचे निर्णय घेतले जातात.

भारतातून येताना मात्र डबा तपासा. बाजारातल्या बहुतेक बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं, आणि तो हिंग चिवड्यात, फरसाणात, लोणच्यात सगळीकडे असतो. मेतकुटात परंपरेने गहू घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही अनेक घरांत गहू असतो. आजीने प्रेमाने पाठवलेल्या डब्यातूनच त्रास व्हायचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांची भाकरी निर्धोक, पण पीठ ज्या गिरणीत दळलं तिथे आधी गहू दळला असेल तर नाही.

‘एवढ्या लांब आलोय, एक दिवस खाल्लं तर काय होतंय?’ असं घरातले म्हणतात.

हा प्रश्न बहुधा प्रेमातूनच येतो. तरी उत्तर नाही असंच आहे. सीलिएकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, आणि अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजतात. वरून काही दिसलं नाही तरी आत हे चालू असतं. त्यावर औषध नाही, आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपचार. दुकानात मिळणाऱ्या ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्या याला पर्याय नाहीत.

मोठ्यांना वाद घालून पटत नाही. बालरोगतज्ज्ञांनी किंवा पोटविकारतज्ज्ञांनी लिहून दिलेला एक कागद दाखवला की पटतं, असा माझा अनुभव आहे. आणि आजी-आजोबांना बाजूला ठेवण्यापेक्षा कामाला लावा: ताट आल्यावर वेटरला विचारायची जबाबदारी आजोबांची.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार. त्यात काही मिनिटांत घसा सुजून जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते हॉटेलच्या खोलीत नको, अंगाजवळ हवं. टोचल्यावरही ९११ ला फोन करायचाच.

अजून तपासणी झालेली नाही, संशय आहे. सहलीपुरतं गहू बंद करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टीटीजी-आयजीए ही सीलिएकसाठीची रक्ततपासणी गहू आहारात चालू असतानाच खात्रीची ठरते.

वाइन, सायडर, बिअर?

वाइन चालते. ब्रिटनीत गॅलेटबरोबर सफरचंदाची सायडर पितात, क्रेपरीतही ती मिळते, आणि तीही चालते. बिअर बार्लीची, ती नको.

आम्ही ऑरलँडोऐवजी पॅरिसच्या डिस्नीलँडला चाललोय. तिथे हेच लागू का?

स्वयंपाकघरातले प्रश्न तेच, पण कायदा तुमच्या बाजूने जास्त आहे. युरोपात १३ डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटांनाही १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि त्या यादीत नुसता गहू नाही, ग्लुटेन असलेली सगळी धान्यं आहेत. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून ही माहिती लेखी हवी. त्यामुळे बिस्त्रो शे रेमीसारख्या ठिकाणी बसताच ॲलर्जीची यादी मागा, ती दाखवणं त्यांचं कामच आहे. ‘साँ ग्लुतेन’ म्हणजे ग्लुटेनशिवाय आणि ‘मालादी सेलियाक’ म्हणजे सीलिएक, एवढे दोन शब्द पाठ असू द्या. यादी मात्र पिठातले आणि सॉसमधले घटक सांगते, तव्याबद्दल काही सांगत नाही. तो प्रश्न पॅरिसमध्येही तोंडीच विचारावा लागतो.

शेफचं उत्तर गुळमुळीत वाटलं तर? उठून जायचं?

हो. ‘बहुतेक चालेल’, ‘आजवर कुणाची तक्रार नाही’ ही उत्तरं नव्हेत. आभार मानून उठा, पाण्याचे पैसे कुणी मागत नाही. बाकीच्यांना तिथेच जेवायचं असेल तर सीलिएक असलेल्या व्यक्तीसाठी फक्त पेय मागवा आणि बरोबरचा डबा उघडा. ॲलर्जी सांगितलेली असली की बाहेरचा डबा टेबलावर काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी वेटरला एकदा विचारून घ्या. आणि उठायची वेळ येऊ शकते हे धरून त्या दिवशी दुसऱ्या दालनातलं एखादं ठिकाण आधीच हेरून ठेवा. त्यांचा ॲलर्जी मेन्यू सकाळीच ॲपवर पाहून घेतला, तर भुकेलेलं मूल कडेवर असताना शोधाशोध करावी लागत नाही.